ग्वाल्तेर मेस्त्री आणि बंद डबा

ग्वाल्तेर आरूदाचं गॅरेज आमच्या बेकरीला लागून आहे. मधे एकच भिंत. त्याच्याकडे गाडी वर उचलायची लिफ्ट घुरघुरली की आमच्या फळीवरचे पाव हलायचे. माझी सासू त्यावरून त्याला शिव्या घालायची आणि दुपारी त्यातलाच एक पाव त्याच्याकडे पाठवून द्यायची. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावाच्या ह्या चढावर निम्मी घरं पोर्तुगालच्या साँव मिगेल बेटावरून आलेल्यांची. कोण कुठल्या गावचा, कुणाचं कुणाशी फाटलं, हे इथे विचारावं लागत नाही.

ग्वाल्तेर तरणाबांड असताना आला. आधी कापडगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. गिरण्या बंद पडल्या तसा गाड्यांकडे वळला. हात चांगला, तोंड फटकळ. गिऱ्हाइकानं गाडीत वेळेवर तेल घातलं नसेल तर त्याला सगळ्यांदेखत विचारायचा, "पोराला जेवायला घालतोस ना रे? की तेही विसरतोस?" तरी लोक त्याच्याकडेच यायचे. म्हातारे त्याला मेस्त्री म्हणायचे, मग आम्हीही. त्याची बायको देओलिंदा पुढच्या खोलीत फोन घ्यायची, आणि नवरा कुणाला फार बोलला तर मागून कॉफी पाठवून समेट करायची.

गाड्यांत संगणक आले तेव्हा तो घाबरला नाही. पन्नाशी जवळ आली असताना रात्रशाळेत जाऊन शिकला. अडचण वेगळीच निघाली. गाडीच्या पोटातलं दुखणं वाचायला लागणारी माहिती कंपन्या आपल्या शोरूमलाच द्यायच्या, बाहेरच्या गॅरेजला नाही. मग २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लोकांनी मतदान करून कायदाच करून घेतला, की शोरूमला जे मिळतं ते बाहेरच्यालाही मिळालं पाहिजे. त्यानंतर स्टिअरिंगखालच्या खोबणीत यंत्र जोडलं की ग्वाल्तेरला गाडीचा आजार पडद्यावर दिसायला लागला. पण कंपन्यांनी दुसरी वाट काढली. नव्या गाड्या आतल्या एका बंद डब्यातून, मोबाईलसारख्या, थेट कंपनीशी बोलायला लागल्या. खोबणीत मिळायचं ते शिळंपाकं. म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात पुन्हा मतदान ठरलं, तो डबा उघडा करा म्हणून. ग्वाल्तेर तोंडाला मास्क लावून घरोघर फिरला. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून बोलला. आमच्या बेकरीच्या काचेवर त्यानं पोस्टर चिकटवलं ते मला न विचारता.

तेव्हाच टीव्हीवर ती जाहिरात यायला लागली. एक बाई रिकाम्या पार्किंगमधून एकटीच गाडीकडे चाललीय. मागून पावलं वाजतात. आवाज सांगतो, हा कायदा झाला तर तुम्ही कुठे आहात ते कुणाच्याही हाती लागेल, तुमच्या जिवावर उठलेल्या माणसाच्यासुद्धा.

ओदिलिया रापोजोनं ती जाहिरात पाहिली.

ओदिलिया म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात काम करायची. उचलायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. पस्तिशीची असेल. तिचा नवरा दुआर्त दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि घरात कसाई. ती त्याला सोडून बहिणीकडे आली तेव्हा ती जाईल तिथे तो हजर व्हायचा. तेव्हा तिच्याकडे जुनी गाडी होती. ती ग्वाल्तेरनं लिफ्टवर घेतली आणि मागच्या बंपरच्या आत लोहचुंबकानं चिकटवलेली एक डबी बाहेर काढली. गाडी कुठे आहे ते सांगणारी. तो स्वतः तिच्याबरोबर पोलिसांकडे गेला. कोर्टानं दुआर्तला तिच्या जवळ फिरकायची मनाई केली आणि घटस्फोटात त्याची नवी गाडी तिला दिली. दुआर्त कॅनडात कामाला निघून गेला. ओदिलियाला थोडी झोप लागायला लागली.

जाहिरात पाहिल्यावर ती गॅरेजमध्ये आली. मी तिथे पाव द्यायला गेले होते.

"मेस्त्री, खरं सांगा. हा कायदा झाला तर माझी गाडी कुठे फिरते ते तुम्हाला दिसणार?"

"तू परवानगी दिलीस तर दिसेल. गाडी दुरुस्त करण्यापुरतं."

"आणि तुमच्याकडून दुसऱ्या कुणाला?"

ग्वाल्तेरनं हातातला पाना खाली ठेवला. "दुसऱ्या कुणाला म्हणजे?"

"मला ठाऊक नाही हो. टीव्हीवर सांगतात."

"तुझ्या गाडीखाली पाठीवर सरपटत मी गेलो होतो की तो टीव्हीवाला? आणि आता मी तुला विकणार? जा बाई. ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्याकडे जा."

देओलिंदा आतून ओरडली, "ग्वाल्तेर! ती घाबरलीय, तुझा अपमान करायला आलेली नाही!" पण ओदिलिया निघून गेली होती. त्यानंतर तिची गाडी शोरूमकडे जायला लागली.

मतदानात ग्वाल्तेरची बाजू मोठ्या फरकानं जिंकली. आमच्याकडे रस्त्यातले चारसहा गॅरेजवाले जमले, मी मालासादा तळल्या, आमच्या साखरेत घोळवलेल्या पुऱ्या. ग्वाल्तेरनं एक खाल्ली आणि साखरेचे हात पुसत म्हणाला, "तिनं विरोधात मत दिलं असेल." कंपन्या त्याच महिन्यात कोर्टात गेल्या. कायदा कागदावर झाला, डबे बंदच राहिले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात दुआर्त परत आला. पुलापलीकडे खोली घेऊन राहिला. मनाई हुकुमाचं अंतर पाळून, पण ओदिलियाच्या आयुष्याच्या कडेकडेनं. ती समुद्रावर गेली की रस्त्यापलीकडे त्याची गाडी. बहिणीच्या नव्या घरी गेली की कोपऱ्यावर हा आइस्क्रीम खात उभा. पोलीस म्हणाले, रस्ता सगळ्यांचा आहे, काही केलं तर सांगा. ती स्वतः गाडीखाली आडवी पडून तसलीच डबी शोधायला लागली. कपड्यांना तेल लागलेलं बघून कामावरच्या बायका विचारायच्या.

शेवटी ती ग्वाल्तेरकडे आली. दारातच उभी राहिली.

"येऊ का आत?"

"दार उघडंच आहे," तो म्हणाला. त्यानं खुर्ची पुढे केली नाही, देओलिंदानं केली.

त्यानं गाडी वर घेतली. बंपर काढले, सीट काढल्या, चाकांच्या आतली आवरणंसुद्धा काढली. काही नाही. गाडी खाली घेऊन त्यानं चावी मेजावर ठेवली. ओदिलिया कॉफी पीत होती. मी पैशांची मोड मागायला आले होते, तिथेच रेंगाळले.

आणि गाडीचा हॉर्न वाजला.

आत कोणी नव्हतं. दिवे लुकलुकले. दारांची कुलुपं खटकन लागली, पुन्हा उघडली, पुन्हा लागली. मग इंजीन सुरू झालं.

देओलिंदानं छातीवर क्रूसाची खूण केली. ग्वाल्तेर म्हणाला, "अंगात आलंय की काय हिच्या?" आणि त्यानं मेजावरच्या चावीकडे पाहिलं. चावी होती तिथेच होती.

ओदिलिया कप ठेवून उठली. "तोच आहे," ती म्हणाली. "मी इथे आलेय ते त्याला कळलंय."

मग ग्वाल्तेरला उलगडा झाला. गाडी दुआर्तनं घेतली होती. घेताना फोनवरचं कंपनीचं खातं त्याच्याच नावानं उघडलं होतं. गाडीची कागदपत्रं ओदिलियाच्या नावावर झाली, पण त्या खात्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कोर्टाच्याही नाही. तो घरबसल्या फोनवर बघत होता, गाडी कुठे उभी आहे ते. कंटाळा आला की हॉर्न वाजवत होता.

त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार अदबीनं बोलत होती.

"मॅडम, मला तुमची अडचण समजते. पण खातं श्री. दुआर्त यांच्या नावावर आहे. ते बंद करायला त्यांचीच संमती लागेल."

"अगं, त्याच्यापासूनच वाचायचंय मला! कोर्टाचा हुकूम आहे माझ्याकडे."

"तो पाठवा. संबंधित विभाग त्यावर विचार करेल."

"कधीपर्यंत?"

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम."

ग्वाल्तेरनं फोन हिसकावला. "मी मेकॅनिक बोलतोय. डब्यात शिरायचा रस्ता तेवढा सांग, मी तेवढीच एक सोय बंद करतो. बाकी कशाला हात लावत नाही."

"सर, ती माहिती फक्त अधिकृत केंद्रांना दिली जाते."

"लोकांनी मत दिलंय की, मलाही द्यायची म्हणून!"

"त्याबाबत मला कल्पना नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

शोरूमनंही हात वर केले, खातेदाराच्या सहीशिवाय आम्ही काही करू शकत नाही म्हणाले. दुपारभर ग्वाल्तेर पडद्यासमोर बसला. कंपनीच्या संकेतस्थळावर तारांचे नकाशे होते. इंजिनाचे होते, दिव्यांचे होते. त्या डब्यापाशी आलं की पान कोरं. कुठली तार कुठे जाते, डबा काढला की सोबत काय काय मरेल, काही कळायला मार्ग नाही.

"काढून टाका तो," ओदिलिया म्हणाली.

"पोरी, नीट ऐक. ह्याच्याबरोबर आणखी काय बंद पडेल ते मला माहीत नाही. गाणी बंद पडतील, ती पडू देत. पण काही गाड्यांत टक्कर झाली की हाच डबा मदतीला फोन करतो. तुझ्या गाडीत ते आहे की नाही, कदाचित आहे, कदाचित..."

"मेस्त्री, तो आज हॉर्न वाजवतोय. उद्या काय करेल? काढा."

त्यानं डॅशबोर्ड उघडला आणि डबा काढला. कातडी सोलल्यासारखे गाडीचे तुकडे जमिनीवर मांडले होते. परत जोडल्यावर रेडिओ मुका झाला, समोरचा एक दिवा लाल पेटून राहिला. ओदिलिया गाडीत बसली. जाताना तिनं ग्वाल्तेरच्या तेलकट हातावर हात ठेवला.

आठवडा झाला नसेल, दुआर्त गॅरेजच्या दारात. हसतमुख, इस्त्रीचा सदरा.

"मेस्त्री, माझ्या गाडीला काय केलंस? फोनवर दिसत नाही ती."

"तुझी गाडी? मला तर इथे तुझं काही दिसत नाही."

"कंपनीला कळवीन मी. गॅरेजला टाळं लागेल."

"कळव. आणि पोलिसांनाही कळव, गाडी तुला कशासाठी दिसायला हवी होती ते." ग्वाल्तेर त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "गाडी बिघडली असेल तर आण. नसेल तर वाट धर."

आवाज ऐकून मी आणि माझा नवरा बाहेर आलो होतो. समोरचा खाटीक दारात आला. दुआर्तनं आम्हा सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गेला. पण मला त्याचं ते वाकणं आवडलं नाही.

ओदिलियालाही चैन नव्हतं. डबा गेला तरी दुआर्त कुठे तरी दिसेल ही भीती गेली नाही. ती हमरस्ता सोडून तलावामागच्या रानातल्या रस्त्यानं कामावर जायला लागली. तिकडे वर्दळ नसते. मागे गाडी असली तर लगेच कळतं, म्हणायची.

जानेवारीत भरदुपारी हिमवर्षाव चालू असताना त्या रस्त्यावर तिची गाडी घसरली. कठडा नव्हता. गाडी उतारावरून झुडपांत गेली आणि झाडावर आदळली. हवेच्या पिशव्या फुगल्या, डोकं वाचलं. उजवा पाय मात्र वाकलेल्या पत्र्यात अडकला. फोन हातातून उडून मागे कुठे तरी पडला. ती त्याची रिंग ऐकत होती. कामावरून विचारत होते, का आली नाहीस. वर रस्त्यावर चाकांच्या खुणा बर्फानं भरून गेल्या. अंधार पडायच्या सुमाराला बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आला. झुडपांत काही तरी लाल चमकतंय असं वाटून तो खाली उतरला.

ती जगली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, आणि थंडीनं काळी पडलेली बोटं कापावी लागली. उजव्या पावलाची सगळी.

त्या गाडीत टक्कर झाली की मदतीला फोन करणारी सोय होती, हे नंतर विम्याच्या माणसाकडून कळलं. डबा जागेवर असता तर रुग्णवाहिका लगेच निघाली असती. हा माणूस इस्पितळात ओदिलियाच्या उशाशी बसून विचारत होता, डबा कुणी काढला.

"मी," ओदिलिया म्हणाली.

"तुम्ही स्वतः? कशानं?"

"पेचकसानं."

ग्वाल्तेर दारात उभा होता, हातात माझ्याकडचा गोड पाव. तो आत आला. "खोटं बोलतेय ती. मी काढला. ग्वाल्तेर आरूदा. लिहून घ्या."

"तुम्हाला कशाला मधे पडायचंय?" ओदिलिया चिडली. "माझी गाडी, माझा पाय!"

"हात माझे होते."

विम्याच्या माणसानं पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे पाहिलं. मग लिहून घेतलं.

चौकशी झाली. गुन्हा असा काही निघाला नाही, समज देऊन सोडलं. पण गावात बोललं गेलं. ज्यांच्या गाड्या त्यानं उभा जन्म सांभाळल्या, त्यांतलेही काही म्हणाले, म्हणून तर शोरूमकडे जावं. देओलिंदा फोन घ्यायची आणि "बरं, बरं, पुन्हा कधी तरी" म्हणून ठेवायची. ग्वाल्तेर कुणाला फटकारेनासा झाला. तेल न घालणाऱ्यालाही तो काही बोलत नव्हता, आणि ते बघून मला भीती वाटायची.

ओदिलिया इस्पितळातच काठीनं चालायला शिकत होती तेव्हा तिला कंपनीचा फोन आला. तशीच अदबशीर मुलगी. "मॅडम, अभिनंदन. तुमची विनंती मान्य झाली आहे. दुआर्त यांचं नाव खात्यावरून काढलं आहे."

गाडीची तोवर भंगारात दाबून वडी झाली होती. ओदिलिया हसायला लागली आणि नर्सनं येऊन फोन काढून घेईपर्यंत हसत राहिली.

कायद्याची लढाई चालूच होती. मेकॅनिकांच्या संघटनेचा वकील ग्वाल्तेरला भेटायला आला. बॉस्टनमध्ये सुनावणी आहे, तुम्ही बोला म्हणाला. "हॉर्न आपोआप वाजला, कंपनीनं फोनवर हात वर केले, हे सांगा. लोक हलतील."

"आणि अपघात?"

"तो नको. समोरचे म्हणतील, बघा, बाहेरचा मेकॅनिक डब्यात हात घालतो तेव्हा असं होतं."

"पण असंच झालं ना."

"आरूदासाहेब, तुम्हाला माहिती दिली असती तर झालं असतं का?"

"नसतं झालं. पण झालं." ग्वाल्तेर उठला. "अर्धी गोष्ट सांगायला मला येणार नाही. आणि पूर्ण गोष्ट तिची आहे, माझी नाही."

ओदिलियाला विचारलं तर ती म्हणाली, दुआर्तच्या टीव्हीवर मला माझं तोंड दाखवायचं नाही. ग्वाल्तेर बॉस्टनला गेला नाही.

म्हाताऱ्यांना उचलायचं काम तिला आता झेपत नव्हतं. त्याच शुश्रूषागृहानं तिला फोनवर बसवलं. बस तिच्या घरापासून लांब थांबायची. ग्वाल्तेरनं मग कुठून तरी वीसेक वर्षांची गाडी आणली, कुणाशीच बोलत नाही अशी. तिचं इंजीन उतरवलं, तळाचा गंज कापून नवा पत्रा बसवला, आणि वेगाचा पेडल डाव्या पायासाठी डावीकडे घेतला. ओदिलिया सुरुवातीला गाडीकडे बघायलाही तयार नव्हती. एका रविवारी प्रार्थनेनंतर जुन्या गिरणीच्या मोकळ्या आवारात तिनं ती चालवली. देओलिंदा शेजारी बसली होती, मागे ग्वाल्तेर डोळे मिटून. उतरल्यावर ती म्हणाली, "ब्रेक कडक आहे." त्यानं तिथेच बॉनेट उघडलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फ पडला की ग्वाल्तेर तिच्या कामावर फोन करायचा. पोचलीस का? निघताना पुन्हा, निघालीस का? मग घरी, आलीस का? हिमवर्षाव नसला, नुसतं आभाळ भरून आलं तरी करायचा. कधी कुठल्या रस्त्यानं गेलीस तेही विचारायचा.

फेब्रुवारीत ओदिलिया बेकरीत आली. मी तिला सूप वाढत होते. ग्वाल्तेर टपालाच्या निमित्तानं आत डोकावला आणि तिला बघून म्हणाला, "सकाळी उशीर झाला ना तुला? फोन लवकर उचलला नाहीस."

तिनं चमचा खाली ठेवला. "मेस्त्री, बसा." तो बसला. "माझ्यासाठी तुम्ही जे केलंत ते माझ्या बापानं केलं नसतं. पण मी कुठे आहे, कधी पोचले, कुठल्या रस्त्यानं गेले, हे रोज कुणाला तरी सांगायचं... एवढी वर्षं मी तेच तर भोगत होते."

ग्वाल्तेरचा चेहरा उतरला. "पोरी, मी त्याच्यासारखा..."

"नाही. तुम्ही त्याच्यासारखे नाही. म्हणूनच सांगतेय."

त्यानं मेजावरचे पावाचे कण गोळा केले. मग "बरं" म्हणाला आणि भिंतीपलीकडे गेला.

परवा पुन्हा बर्फ पडला. मी ट्रे घेऊन त्याच्याकडे गेले तर तो खिडकीशी उभा होता. रस्ता सगळा पांढरा झाला होता. फोन मेजावर होता. देओलिंदानं मला खुणेनं सांगितलं, बोलू नकोस. मी पाव ठेवून निघून आले.